रिपोर्टमधलं शून्य आणि तीन महिन्यांचा हिशोब

प्रश्न : माझं वय ३४, पत्नीचं ३२. लग्नाला चार वर्षं झाली, मूल नाही. आतापर्यंत सगळ्या तपासण्या पत्नीच्याच झाल्या. नळ्यांचा एक्स-रे, सोनोग्राफी, दुर्बिणीची तपासणी, सगळं नॉर्मल. गेल्या महिन्यात पहिल्यांदाच माझी वीर्यतपासणी झाली. वीर्य २.६ मिलि, पीएच ७.८, फ्रुक्टोज पॉझिटिव्ह, शुक्राणू निल. ‘दात्याचे शुक्राणू वापरावे लागतील,’ असं आम्हाला लगेच सांगण्यात आलं. माझी तब्येत उत्तम आहे, शरीरसंबंधांत कसलीच अडचण नाही. शरीर कमवायला जिममधल्या ओळखीच्या माणसाकडून आठ महिने दर आठवड्याला इंजेक्शन घेत होतो, पण ते तपासणीच्या पाच आठवडे आधीच बंद केलं होतं. संबंध वाटला नाही म्हणून डॉक्टरांना ते सांगितलं नाही. जपानमध्ये प्रयोगशाळेत शुक्राणू तयार करतात असं वाचलं. चार-पाच वर्षं थांबून त्याची वाट पाहावी, की आत्ताच दाता घ्यावा? आईला रिपोर्टचं माहीत नाही. ती अजून सुनेलाच बोल लावते.

उत्तर : तुम्ही दोन पर्याय समोर ठेवले आहेत आणि त्यातला एक निवडायला सांगता आहात. मला वाटतं, दोन्हींची वेळ अजून आलेली नाही. तुमच्या पत्रात सगळ्यात मोलाची माहिती इंजेक्शनांची आहे आणि नेमकी तीच डॉक्टरांपर्यंत पोहोचलेली नाही. ती सांगितली असती, तर कदाचित सल्लाही वेगळा मिळाला असता.

‘निल’ या शब्दाचा अर्थ तुम्ही ‘माझ्या शरीरात शुक्राणू तयारच होत नाहीत आणि होणारही नाहीत’ असा घेतला आहे. रिपोर्ट एवढं सांगत नाही. त्या दिवशी त्या डबीत शुक्राणू दिसले नाहीत, इतकंच तो सांगतो. ते का दिसले नाहीत हे कळायला शुक्राणू कसा घडतो आणि त्याला किती दिवस लागतात, हे माहीत असायला हवं.

वृषणात केसाएवढ्या बारीक नलिकांची गुंतवळ असते. सगळ्या सरळ केल्या तर काही शे मीटर भरतील. प्रत्येक नलिकेच्या बाहेरच्या कडेला मूळ पेशी असतात. त्या स्वतःसारख्या पेशी तयार करून साठा टिकवतात आणि त्यातल्या काहींना पुढच्या वाटेला लावतात. पुढे निघालेली पेशी आधी साध्या विभाजनाने वाढते, मग अर्धसूत्री विभाजनात शिरते. तिथे ४६ गुणसूत्रांची २३ व्हायची असतात. एकट्या या टप्प्याला साडेतीन आठवड्यांच्या आसपास लागतात. सगळ्यात जास्त पेशी इथेच अडकतात आणि मरतात. त्यानंतर गोल दिसणाऱ्या पेशीचं रूप पालटतं. शेपूट फुटते, डोक्यावर बीजांडाचं कवच भेदणारी टोपी बसते, जादा पेशीद्रव टाकून दिला जातो आणि आतला डीएनए वेगळ्या प्रथिनांभोवती अतिशय घट्ट बांधला जातो. हे चालू असताना पेशीला आधार आणि पोषण देण्याचं काम सर्टोली पेशी करतात. एन्रिको सर्टोली या इटालियन शास्त्रज्ञाने १८६५ मध्ये त्यांचं वर्णन केलं.

मूळ पेशी वाटेला लागल्यापासून शुक्राणू नलिकेत सुटेपर्यंत सुमारे ७४ दिवस जातात. तिथून तो अधिवृषणात जातो. ही सुमारे सहा मीटर लांबीची नळी वेटोळं करून वृषणाला चिकटलेली असते. ती पार करायला आणखी काही दिवस, कधी दोन आठवडेही लागतात. पोहण्याची क्षमता त्याला तिथेच येते. म्हणून तपासणीत दिसतं ते पीक तीन महिन्यांपूर्वी पेरलेलं असतं. तुम्ही इंजेक्शन बंद केल्यावर पाच आठवड्यांनी नमुना दिलात. त्या डबीत जे यायला हवं होतं ते इंजेक्शनांच्या काळात घडायला हवं होतं, आणि त्या काळात कारखाना बहुधा बंद होता. इंजेक्शनही सुटलं त्या दिवशी शरीरातून जात नाही. तेलातली औषधं आठवडे, टेस्टोस्टेरॉनच्याच जातीच्या नॅन्ड्रोलोनसारखी काही त्याहूनही जास्त काळ अंगात राहतात.

जिममधल्या अशा इंजेक्शनांत बहुधा टेस्टोस्टेरॉन किंवा त्याच्या जातीचं औषध असतं. टेस्टोस्टेरॉन हे पुरुषाचं हार्मोन, मग त्याने शुक्राणू वाढायला हवेत, असा बहुतेकांचा समज असतो. घडतं उलट. मेंदूतली पीयूषिका ग्रंथी एलएच आणि एफएसएच ही दोन हार्मोन सोडते. एलएच वृषणातल्या लायडिग पेशींना टेस्टोस्टेरॉन तयार करायला लावतं, एफएसएच सर्टोली पेशींना कामाला लावतं. शुक्राणू घडायला वृषणाच्या आतलं टेस्टोस्टेरॉन लागतं आणि तिथे ते रक्तापेक्षा कित्येक पट जास्त असतं. सुईतून टेस्टोस्टेरॉन रक्तात आलं की मेंदूला वाटतं, पुरेसं आहे. तो एलएच आणि एफएसएच थांबवतो. लायडिग पेशी थंडावतात आणि रक्तात हार्मोन भरपूर असूनही वृषणाच्या आत त्याचा दुष्काळ पडतो. दंड भरतात, वृषणं आकसतात, वीर्यातले शुक्राणू संपतात. वीर्याचा बहुतेक भाग शुक्राशय आणि प्रोस्टेट या ग्रंथींकडून येतो, त्यामुळे त्याचं प्रमाण तसंच राहतं. कामेच्छाही चांगली असते. म्हणून माणसाला काहीच कळत नाही, तुम्हालाही कळलं नाही.

हा परिणाम इतका भरवशाचा आहे की पुरुषांसाठी गर्भनिरोधक म्हणून टेस्टोस्टेरॉन वापरून पाहिलं गेलं. जागतिक आरोग्य संघटनेच्या पाहणीत निरोगी पुरुषांना दर आठवड्याला २०० मिलिग्रॅम टेस्टोस्टेरॉन एनॅन्थेट देण्यात आलं. १९९० मध्ये त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. २७१ पुरुषांपैकी १५७ जणांच्या वीर्यातले शुक्राणू पहिल्या सहा महिन्यांत शून्यावर आले. जिममध्ये दिले जाणारे डोस अनेकदा याहून मोठे असतात आणि एकाच वेळी दोन-तीन औषधं मिसळलेली असतात.

बंद केल्यावर काय होतं, याचाही अभ्यास झालेला आहे. अशा हार्मोनी गर्भनिरोधकांच्या तीस अभ्यासांतल्या दीड हजारांहून अधिक पुरुषांची माहिती २००६ मध्ये एकत्र मांडली गेली. मिलिलिटरमागे दोन कोटी शुक्राणूंची पातळी सहा महिन्यांत सुमारे ६७ टक्क्यांनी, वर्षभरात ९० टक्क्यांनी आणि दोन वर्षांत जवळजवळ सगळ्यांनी गाठली. हे आकडे धीर देणारे आहेत, पण ते जसेच्या तसे स्वतःला लावू नका. त्या पुरुषांचे शुक्राणू आधी नॉर्मल होते आणि औषध मोजून दिलेलं होतं. तुमची आधीची तपासणीच नाही. लग्नाला चार वर्षं झाली आणि इंजेक्शनं आठ महिन्यांची, म्हणजे त्याआधीच्या काळात मूल का राहिलं नाही हा प्रश्न उरतो. इंजेक्शनांखाली दुसरंही एखादं कारण दडलेलं असू शकतं. म्हणून नुसतं थांबून चालणार नाही, तपासायला हवं.

पहिलं काम : जिममधून घेतलेल्या औषधांची नावं, डोस आणि तारखा कागदावर लिहा. रिकामी कुपी किंवा खोका असेल तर तो बरोबर घ्या आणि युरॉलॉजिस्ट किंवा पुरुष वंध्यत्व पाहणाऱ्या अँड्रॉलॉजिस्टकडे जा. सोबत घेतलेल्या गोळ्या आणि ‘पॉवर’च्या पावडरीही सांगा. अशा काही पावडरींत लेबलवर न लिहिलेली हार्मोन सापडतात. लाज वाटेल, पण डॉक्टरांना न सांगितलेल्या गोष्टीची किंमत तुम्हा दोघांना वर्षांमध्ये मोजावी लागेल.

मग सकाळी, शक्यतो दहाच्या आत, रक्त द्या. एफएसएच, एलएच, टेस्टोस्टेरॉन आणि पीयूषिकेचंच आणखी एक हार्मोन प्रोलॅक्टिन तपासायला सांगा. एफएसएच आणि एलएच दोन्ही खूप खाली असतील, तर मेंदूकडून येणारा हुकूम थांबला आहे आणि वृषणं बहुधा वाट पाहत बसली आहेत, म्हणजे ही उलटवता येण्याजोगी अवस्था आहे. एफएसएच चढलेलं आणि वृषणं लहान असतील, तर मेंदू ओरडून सांगतो आहे आणि वृषणाला काम जमत नाही. एफएसएच नॉर्मल आणि वृषणं भरलेली असतील, तर वाटेत अडथळा असू शकतो किंवा पेशी विभाजनाच्या मधल्या टप्प्यावर अडकत असू शकतात. हे दोन्ही रक्ताच्या आकड्यांवरून वेगळे ओळखता येत नाहीत, त्याला पुढच्या तपासण्या लागतात. तुमच्या बाबतीत एक अडचण आहे. औषधाचा असर असेपर्यंत एफएसएच दाबलेलं राहतं, त्यामुळे वृषणातला मूळ दोषही झाकला जाऊ शकतो. ही रक्ततपासणी तीन महिन्यांनी पुन्हा करावी लागेल, हे आधीच धरून चाला.

डॉक्टर हाताने तपासतील तेव्हा तीन गोष्टी पाहतील : वृषणांचा आकार (प्रौढ पुरुषात साधारण १५ ते २५ मिलि), दोन्ही बाजूंच्या शुक्रवाहिन्या हाताला लागतात का, आणि शिरांचा फुगवटा म्हणजे व्हेरिकोसील आहे का. हा फुगवटा सुमारे १५ टक्के पुरुषांत असतो आणि बहुतेकांना त्याचा काही त्रास नसतो, म्हणून तो दिसला की लगेच ऑपरेशन असं समीकरण मांडू नका. लहानपणी वृषण खाली उतरलेलं नव्हतं, हर्नियाचं ऑपरेशन झालं होतं किंवा वयात आल्यावर गालगुंड होऊन वृषण सुजलं होतं, असं काही असेल तर ते सांगा. आईला विचारल्याशिवाय यातलं बरंचसं कळत नाही.

तुमच्या रिपोर्टमध्ये कामाची एक गोष्ट आहे. फ्रुक्टोज शुक्राशयातून येतं. ते पॉझिटिव्ह आहे, वीर्याचं प्रमाण पुरेसं आहे आणि पीएच अल्कधर्मी आहे. म्हणजे शेवटचा मार्ग मोकळा आहे. जन्मतः शुक्रवाहिन्याच नसलेल्या पुरुषांत वीर्य कमी, आम्ल आणि फ्रुक्टोज नसलेलं येतं. ते तुमच्यात दिसत नाही. मात्र अधिवृषणाजवळचा अडथळा या आकड्यांवरून वगळता येत नाही.

रिपोर्टमध्ये एक गोष्ट नाहीही. ‘निल’ म्हणण्याआधी नमुना सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवून तळाचा साका तपासायचा असतो, ३००० जी बलावर १५ मिनिटं. नुसत्या थेंबात न दिसलेले पाच-दहा शुक्राणू त्या साक्यात सापडतात. पाच-दहा शुक्राणू हा फरक फार मोठा आहे, कारण इक्सी पद्धतीत शुक्राणू सुईने थेट बीजांडात सोडतात, त्यामुळे एका बीजांडाला एकच शुक्राणू पुरतो. ब्रुसेल्सच्या डॉक्टरांनी १९९२ मध्ये या पद्धतीने झालेल्या पहिल्या गर्भधारणा जाहीर केल्या आणि पुरुष वंध्यत्वाचं गणितच पालटलं. शून्य हे निदान काही आठवड्यांच्या अंतराने घेतलेल्या किमान दोन नमुन्यांवर, दोन्ही वेळा साका पाहूनच करायचं असतं.

नमुना देतानाच्या चुकांमुळे कितीतरी रिपोर्ट बिघडतात, म्हणून हे सगळ्याच वाचकांसाठी. दोन ते सात दिवस वीर्यस्खलन नको. कमी दिवस ठेवले तर संख्या घटते, खूप जास्त ठेवले तर हालचाल मंदावते. लॅबने दिलेल्या रुंद तोंडाच्या निर्जंतुक डबीतच नमुना घ्या. साबण, तेल, थुंकी, नेहमीचा निरोध यांतलं काही वापरू नका, शुक्राणू मरतात. सुरुवातीचे थेंब सांडले तर लॅबला तसं सांगा, कारण सगळ्यात जास्त शुक्राणू त्यातच असतात. घरी नमुना घेतला तर डबी शर्टाच्या आतल्या बाजूला अंगाशी धरून अर्ध्या तासात, फार तर तासाभरात पोहोचवा. ती फ्रिजमध्ये ठेवू नका. गेल्या तीन महिन्यांत डेंग्यू, टायफॉइड किंवा मोठा ताप येऊन गेला असेल तर फॉर्मवर लिहा, तापाचा फटका काही आठवडे उशिरा दिसतो. संख्या शून्य नसून कमी आली असेल, तर जागतिक आरोग्य संघटनेच्या वीर्यतपासणी पुस्तिकेच्या २०२१ च्या आवृत्तीतले आकडे पाहा : मिलिलिटरमागे १.६ कोटी शुक्राणू, एकूण ३.९ कोटी, पुढे सरकणारे ३० टक्के, नीट आकाराचे ४ टक्के. ज्यांच्या जोडीदाराला वर्षाच्या आत दिवस गेले, अशा पुरुषांतल्या सगळ्यात खालच्या पाच टक्क्यांची वरची सीमा म्हणजे हे आकडे. याच्या खाली आलेल्याला मूल होणारच नाही असं नाही, आणि वर आलेल्याला होईलच असंही नाही. ‘चारच टक्के नॉर्मल’ वाचून हबकून गेलेल्या वाचकांनी हे जरूर लक्षात घ्यावं.

उष्णता आणि रसायनांबद्दलही थोडं. वृषणं शरीराबाहेर आहेत, कारण त्यांना दोन ते चार अंश कमी तापमान लागतं. भट्टी, बॉयलर किंवा लांब पल्ल्याचं ड्रायव्हिंग असं काम असेल तर डॉक्टरांना सांगा. १९७७ मध्ये कॅलिफोर्नियातल्या एका कारखान्यात डीबीसीपी हे जमिनीतल्या सूत्रकृमींवरचं औषध तयार करणाऱ्या कामगारांच्या लक्षात आलं की आपल्यातल्या कुणालाच मुलं होत नाहीत. तपासलं तर अनेकांचे शुक्राणू शून्यावर किंवा अगदी खाली गेलेले होते. कामाच्या जागेचा आणि पुरुषाच्या प्रजननाचा संबंध त्या प्रकरणाने जगापुढे आणला. फवारणी करणाऱ्यांनी हातमोजे आणि मास्क टाळू नयेत.

आता उपचार. दाबलेलं हार्मोन परत उठवायला एचसीजीची (एलएचसारखं काम करणाऱ्या हार्मोनची) इंजेक्शनं, पीयूषिकेला जागं करणारं क्लोमिफिन, गरज पडली तर एफएसएच वापरतात. हे डॉक्टरांच्या देखरेखीखालीच घ्यायचं. जिममध्ये याच औषधांचे ‘कोर्स’ विकले जातात, ते घेऊ नका. इंजेक्शन सुटल्यावर काही आठवडे, कधी काही महिने थकवा येईल, इच्छा कमी होईल, मन उदास राहील, कमावलेले स्नायू उतरतील. या काळात बरेच जण पुन्हा सुईकडे वळतात आणि घड्याळ पहिल्यापासून सुरू होतं. उदासी जड वाटू लागली तर त्यासाठीही डॉक्टर आहेत. कुणी ‘टेस्टोस्टेरॉन कमी आहे’ म्हणून तेच पुन्हा लिहून दिलं, तर ‘आम्हाला मूल हवं आहे’ हे त्यांना स्पष्ट सांगा. शक्तिवर्धक गोळ्यांवर पैसे घालवण्याआधी एवढं जाणून घ्या : अमेरिकेत २,३७० जोडप्यांवर झालेल्या चाचणीत पुरुषांना सहा महिने झिंक आणि फोलिक ॲसिड देऊनही ना वीर्य सुधारलं, ना बाळांची संख्या वाढली. तो निकाल २०२० मध्ये प्रसिद्ध झाला.

दर तीन महिन्यांनी वीर्यतपासणी करा. त्याआधी करून फारसं काही कळत नाही, मनस्ताप मात्र होतो. एफएसएच चढलेलं निघालं किंवा इंजेक्शन सुटून वर्ष उलटलं तरी काही दिसलं नाही, तर गुणसूत्रांची आणि वाय गुणसूत्रातल्या तुटीची तपासणी करावी लागेल. सुमारे सहाशे पुरुषांमागे एकात एक्स गुणसूत्र जादा असतं आणि अनेकांना ते याच वळणावर पहिल्यांदा कळतं. वाय गुणसूत्राचा एझेडएफसी हा भाग तुटलेला असेल तर अनेकदा शुक्राणू सापडतात, पण तो दोष मुलाकडे जातो. एझेडएफए किंवा एझेडएफबी पूर्ण गेलेला असेल तर वृषणात शोधूनही हाती काही लागत नाही, म्हणून ऑपरेशनच्या आधीच ही तपासणी करून घ्यायची. मायक्रो-टेसे या शस्त्रक्रियेत सूक्ष्मदर्शकाखाली वृषणातल्या जाड, दुधी नलिका वेचतात, कारण शुक्राणू असण्याची शक्यता त्यांच्यातच जास्त असते. हार्मोन दाबलेलं असताना ही शस्त्रक्रिया करण्यात अर्थ नाही.

जपानबद्दल तुम्ही वाचलंत ते खरं आहे, पण ते उंदरांविषयी आहे. २०११ मध्ये योकोहामा सिटी विद्यापीठातल्या संशोधकांनी नवजात उंदराच्या वृषणाचा तुकडा प्रयोगशाळेत वाढवून शुक्राणू मिळवले आणि त्यांच्यापासून पिल्लंही झाली. त्याच वर्षी क्योतो विद्यापीठात मूळ पेशींपासून जननपेशींच्या आधीची अवस्था तयार झाली. ती उंदराच्या वृषणात सोडल्यावर तिथे शुक्राणू घडले. माणसाच्या पेशींपासूनही ती सुरुवातीची अवस्था तयार करता आली आहे. पुढचं अर्धसूत्री विभाजन बिनचूक पार पाडून काम करणारा शुक्राणू मिळवणं हीच खरी कठीण घाटी आहे. कोणतं जनुक चालू आणि कोणतं बंद हे सांगणाऱ्या डीएनएवरच्या खुणा चुकीच्या उमटल्या तर त्याचा भार बाळाने वाहायचा असतो, म्हणून इथे घाई कुणी करू नये, असं मला मनापासून वाटतं. प्रयोगशाळेत घडवलेल्या मानवी शुक्राणूपासून बाळ झालेलं नाही. तुमची पत्नी ३२ वर्षांची आहे. बीजांडांचा साठा आणि दर्जा वयाबरोबर उतरतो, पस्तिशीनंतर जास्त वेगाने. चार-पाच वर्षं थांबण्याची किंमत तिच्या शरीराला मोजावी लागेल. तिची एएमएच, म्हणजे बीजांडांच्या साठ्याचा अंदाज देणारी रक्ततपासणी आत्ताच करून घ्या. तुम्ही किती महिने धीर धरू शकता, हे त्या आकड्यावरूनही ठरेल.

दात्याचा पर्याय कमी प्रतीचा मानू नका. पुढे तो निवडावा लागला तर २०२१ च्या सहाय्यित प्रजनन कायद्यानुसार शुक्राणू नोंदणीकृत बँकेतूनच घ्यावे लागतात, एका दात्याचे शुक्राणू एकाच जोडप्याला देता येतात आणि बाळ कायद्याने तुमचंच असतं, दात्याचा त्याच्यावर हक्क राहत नाही. ‘घरातल्याच कुणाचे घेऊ’ असं सुचवणारे नातेवाईक भेटतील, त्यांना या कायद्याबद्दल सांगा. फक्त हा निर्णय तपासण्या पूर्ण झाल्यावर आणि दोघांच्या मर्जीने व्हावा.

तुमच्या पत्नीला चार वर्षांत दुर्बिणीच्या तपासणीपर्यंत जावं लागलं आणि सगळ्यात स्वस्त, सुईसुद्धा न लागणारी तपासणी सगळ्यात शेवटी झाली. मूल न होणाऱ्या जवळपास निम्म्या जोडप्यांत पुरुषाकडचं कारण एकटं किंवा जोडीने असतं. आईला सगळा रिपोर्ट वाचून दाखवायची गरज नाही. ‘आई, कारण माझ्याकडे आहे, माझे उपचार सुरू आहेत, तिला काही बोलू नकोस,’ एवढी तीन वाक्यं पुरेत. मात्र ती तुम्ही स्वतः, पत्नी समोर असताना बोला.

पहिले शुक्राणू दिसू लागले, अगदी मोजके का असेनात, तर त्याच आठवड्यात नमुना गोठवून ठेवायला सांगा.  पुढचा नमुना पुन्हा शून्य आला तरी इक्सीसाठी ते हाताशी असतील.